सामाईक भिंत

उदगीरला आमच्या घराच्या तीन भिंती आमच्या.
चौथी शबनम टॉकीजची.
तिला खिळा ठोकायचा नाही असं ठरलेलं,
म्हणून देवाचा फोटो माय डब्यांच्या उतरंडीला टेकवून ठेवायची.
भिंतीपलीकडं पडदा,
पडद्यामागं कपाटाएवढे दोन भोंगे.
सिनेमाचं तोंड गावाकडं, पाठ आमच्याकडं.

त्या साली भुताचा जुना सिनेमा लागला, काळा-पांढरा,
आणि सात आठवडे हटला नाही.
आम्ही तो पाहिला नाही.
माय म्हणायची, ऐकू येतंय तेवढं लई झालं.

बोलणं यायचंच नाही, शब्द चुन्यात अडकायचे.
संगीत तेवढं पाझरायचं:
आधी जाड तारा, पोतं फरशीवरून ओढावं तशा,
मग एकच बारीक सूर, दगडावर विळा घासल्यासारखा,
मग काहीच नाही.
त्या काहीच-नाहीत मायचा हात भाकरीवर थांबायचा.
पलीकडं दणका बसला
की परत थापायला लागायची.
सात आठवडे आम्ही एका बाजूनं जाड भाकरी खाल्ली.

बाप पावणेआठला यायचा,
भुवयांवर डाळमिलचा भुस्सा घेऊन, गप्प.
नेमका तव्हाच तिकडं नगारा सुरू,
उर धडधडावा तसा, आधी लांबून, मग अगदी विटेच्या मागून.
बाप वाकून दारातून आत यायचा,
उंबऱ्यापाशी चपला काढायचा.
नुसत्या चपला.
मन्मथ माझ्या परकरात तोंड लपवायचा
आणि मी मोजायचे,
एक चप्पल.
दुसरी.

शनिवारी मिल उशिरा सुटायची.
साडेआठला सिनेमा संपत आलेला असायचा,
सगळे सूर सैल, कुणीतरी वाचलेलं असावं.
त्या दिवशी बाप आम्हाला बरा वाटायचा.
त्याच्या खिशात फुटाणे असायचे.
रोजच असतील.
आम्ही शनिवारीच जवळ गेलो.

एकदा भोंगे जळाले.
भरल्या थेटरात भूत आलं आणि लोक शिट्ट्या मारून हसले म्हणे.
ऑपरेटर चाँदपाशा पाणी मागायला आला, घामाघूम.
"क्या बोलू भाबी, आवाज गया तो भूत बी गया."
त्या दिवशी पावणेआठला
एक बुटका माणूस घरात आला,
टाचेला भेगा, हातात रिकामा डबा,
आणि कुणी काही बोलेल का म्हणून
थोडा वेळ तसाच उभा राहिला.
मी बोलणार होते.
तितक्यात पलीकडं भोंगे दुरुस्त झाले.

अजून एक सूर होता.
रात्रीच्या खेळात, सव्वादहाच्या सुमाराला.
बासरीसारखा, पण बासरी नसावी,
कुणी पाण्यावर फुंकर घालतंय असा.
मायनं तो उचलला.
त्याच्यावर मन्मथला थोपटायची,
पुढं सिनेमा गेला, टॉकीज पाडून दुकानांचे गाळे झाले,
तरी तो सूर आमच्याच घरचा म्हणून राहिला.

परवा लातूरला, लेकाच्या फोनवर,
तो सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला. पन्नास वर्षांनी.
नगारा वाजला.
एक म्हातारा कंदील घेऊन जिना चढत होता, बस्स,
आणि त्याचाच हात कापत होता.
फोन थांबवून मी त्या हाताकडं बघत बसले.
बाप जाऊन एकोणीस वर्षं झाली.

मग मायचा सूर आला.
तळं.
तळ्यावर एक लुगडं तरंगतंय, सावकाश गोल फिरतंय,
आणि काठावरचा माणूस
हात धुतोय.

मन्मथला फोन लावला.
तो नातीला झोपवत होता,
हळू बोल म्हणाला,
आणि मध्येच, सवयीनं, पाण्यावर फुंकर घातल्यासारखा
गुणगुणायला लागला.

काय गं अक्का, काय झालं?
काही नाही, म्हटलं, सहजच केला.
झोपू दे तिला.